एका पौंडाची सही

कॉम्प्युटर लॅबमधला एक पीसी सकाळपासून नुसता बीप-बीप करतोय. स्क्रीन काळी. सर येतात, कॅबिनेट उघडतात, रॅमची पट्टी बाहेर काढतात आणि तुमच्याकडे खोडरबर मागतात. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात ना, त्यांच्यावरून खोडरबर दोन-चार वेळा फिरवतात, फुंकर मारतात आणि पट्टी परत खाचेत दाबतात. टक्! पीसी सुरू. वर्गात हशा पिकतो आणि कुणीतरी म्हणतंच, की एवढ्या शिकलेल्या मशीनचा इलाज शेवटी दोन रुपयांच्या रबरात निघाला.

हसा, पण क्षणभर त्या पट्टीकडे नीट बघा. हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक रेघा आहेत, त्या धावत धावत कडेपर्यंत येतात आणि तिथे सोन्याचा मुलामा घेऊन थांबतात. वायर कुठेच नाही. रेघ हीच वायर आणि रेघेचं टोक हाच प्लग. ही कल्पना ज्याच्या डोक्यात पक्की बसली आणि जी मार्गी लावण्यासाठी ज्याने उमेदीची वीस वर्षं घातली, त्या माणसाचं नाव पॉल आयस्लर. 'प्रिंटेड सर्किटचा जनक' म्हणून जग त्याला ओळखतं. पण त्या शोधातून त्याच्या हाती काय आलं, ते बघितलं तर तुम्ही तुमची पहिली ऑफर लेटर दोनदा वाचाल. निदान वाचावी, म्हणून तर ही गोष्ट.

डिग्री आहे, नोकरी नाही

आयस्लरचा जन्म १९०७ चा, व्हिएन्नाचा. घर ज्यू. १९३० साली तो तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतून इंजिनीअर होऊन बाहेर पडला. वय तेवीस, हातात चांगली डिग्री आणि समोर बंद दारं. जगभर मंदी होतीच, शिवाय ऑस्ट्रियात आणि शेजारच्या जर्मनीत ज्यूंविषयीचा द्वेष उघडपणे वाढत होता. हुशार असणं पुरेसं नव्हतं. आडनाव आधी बघितलं जात होतं.

मग मिळेल ते काम. ग्रामोफोन कंपनीच्या एका कामासाठी तो बेलग्रेडला गेला. रेल्वेगाड्यांमध्ये रेडिओच्या यंत्रणेत खरखर व्हायची, ती घालवायची होती. काम जमलं. पण गिऱ्हाइकाने बिल चुकतं केलं ते पैशांत नाही, धान्यात! फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनो, 'पेमेंट नंतर बघू' हे वाक्य ऐकून तुम्हाला राग येत असेल, तर या पठ्ठ्याची आठवण ठेवा.

परत व्हिएन्नात येऊन त्याने लेखणी धरली. वर्तमानपत्रांत लिहिलं, मग एका समाजवादी प्रकाशन संस्थेच्या रेडिओविषयक नियतकालिकात काम मिळालं. इंजिनीअर माणूस छापखान्यात कशाला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण तिथेच त्याने छपाई जवळून पाहिली. एक प्लेट तयार केली की तिच्यावरून हजारो प्रती निघतात, पहिली आणि हजारावी अगदी सारखी. ही गोष्ट त्याच्या डोक्यात घर करून बसली.

१९३४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियात यादवी भडकली. सरकारने समाजवादी पक्षावर बंदी घातली, त्यांचे छापखाने बंद केले. आयस्लरचं काम गेलं. आता देशात राहण्यात अर्थ नव्हता. पण बाहेर जायचं तर व्हिसा हवा आणि व्हिसासाठी काहीतरी कारण हवं. त्याच्याकडे जमीनजुमला नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या. होत्या त्या कल्पना. त्यातल्या काहींची पेटंटं हा त्याचा पासपोर्ट ठरला. १९३६ साली तो इंग्लंडला पोचला.

जाळं आणि त्यातल्या गाठी

आता थोडं थांबून त्या काळातला रेडिओ उघडून बघू. बाहेरून पॉलिश केलेलं लाकडी कपाट. आत मात्र वायरींचं जंगल. व्हॉल्व्हचे सॉकेट, रेझिस्टर, कपॅसिटर, कॉइल आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या शेकडो वायरी. प्रत्येक वायर हाताने कापायची, टोक सोलायचं, पिनेला वेढा द्यायचा, सोल्डर लावायचं. कारखान्यात लांबच लांब बाकांवर बसून मुली दिवसभर हेच करायच्या.

हे काम त्या सफाईने करत, यात शंका नाही. पण माणसाचा हात आहे. एखादी वायर चुकीच्या पिनेला जायची. एखादा जोड वरून चकचकीत दिसायचा आणि आतून सुटा असायचा. आपल्याकडचा टीव्ही मेकॅनिक आजही याला 'ड्राय सोल्डर' म्हणतो. शेकडो जोडांपैकी एक जरी असा निघाला तरी रेडिओ मुका. आणि तो नेमका कुठला, हे शोधायला दिवस जायचा. सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा जुना, जिवंत आणि चिवट शत्रू कोण विचाराल तर तो हाच: लूज कॉन्टॅक्ट.

लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका बोर्डिंग हाउसच्या खोलीत राहून आयस्लरने या शत्रूवर उपाय काढला. जोडणी हाताने करायचीच कशाला? ती छापूया. कल्पना अशी: न वाहणाऱ्या, म्हणजे वीज अडवणाऱ्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा. त्याच्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने सर्किटचा नकाशा छापायचा. मग पाटी रसायनात बुडवायची. जिथे शाई नाही तिथलं तांबं विरघळून जातं, शाईखालचं शाबूत राहतं. शाई पुसली की खाली तांब्याच्या रेघांचं तयार सर्किट. एकदा नकाशा बरोबर काढला की सगळ्या पाट्या बरोबर. चूक व्हायची तर ती नकाशात, आणि नकाशातली चूक एकदाच सुधारावी लागते.

ओळखीचं वाटतंय ना? डिप्लोमाच्या किंवा इंजिनीअरिंगच्या मिनी प्रोजेक्टसाठी तुम्ही हेच तर करता. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून कॉपर क्लॅड आणायचा, ग्लॉसी कागदावरची प्रिंट इस्त्रीने त्याच्यावर उतरवायची, फेरिक क्लोराइडच्या पाण्यात हलवत बसायचं आणि नंतर चार दिवस पिवळी बोटं घेऊन फिरायचं. त्या पिवळ्या बोटांचं मूळ हॅम्पस्टेडच्या त्या खोलीत आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सपाट वाहक चिकटवण्याची कल्पना आयस्लरच्या आधीही काहींना सुचली होती. बर्लिनच्या अल्बर्ट हॅन्सनने १९०३ साली पातळ पट्ट्यांच्या जोडणीचं पेटंट मागितलं होतं. अमेरिकेच्या चार्ल्स ड्युकासने १९२५ साली साच्यातून वाहक नक्षी उमटवण्याची पद्धत मांडली होती. पण छापखान्याची शिस्त सर्किटला लावून, ती कारखान्यात चालेल अशी करण्याचा ध्यास घेतला तो आयस्लरने. हे आधीचे कागद पुढे त्याला फार महागात पडणार होते.

मुली स्वस्त पडतात!

खोलीत बसून हाताने बनवलेला छापील सर्किटचा रेडिओ घेऊन तो कंपन्यांचे उंबरठे झिजवू लागला. एका बड्या रेडिओ कंपनीने नकार दिला, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. वायरी जोडायला मुली आहेत, त्या स्वस्त पडतात आणि डिझाइन बदललं तर त्यांना नवं काम लगेच सांगता येतं, मग हे यंत्र कशाला, असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवसापुरता तो हिशेब बरोबरही होता! नवी कल्पना दर वेळी मूर्ख माणसाकडूनच नाकारली जाते असं नाही. कधी कधी ती चोख हिशेब करणाऱ्या शहाण्या माणसाकडून नाकारली जाते, कारण त्याच्या वहीत उद्याचा रकाना नसतो.

पोटासाठी आयस्लरने टीव्हीसंबंधीची एक कल्पना मार्कोनी कंपनीला विकली. मग ओडियन या सिनेमागृहांच्या साखळीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी धरली. घडी बसतेय असं वाटत होतं. तेवढ्यात युद्ध पेटलं.

आणि मग नशिबाचा अजब खेळ बघा. ज्या नाझींपासून पळून तो इंग्लंडला आला, त्या नाझींशी इंग्लंडचं युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडनेच त्याला शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरवून नजरकैदेत टाकलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली होती, त्यामुळे कागदोपत्री तो 'जर्मन'! व्हिएन्नात ज्यू म्हणून नको, लंडनमध्ये जर्मन म्हणून नको. आपण कोण, हे दर वेळी दुसऱ्यानेच ठरवायचं.

१९४१ मध्ये सुटका झाली. थोडे दिवस सैन्याच्या पायोनियर कोअरमध्ये काढले आणि तो परत आपल्या कल्पनेकडे वळला. या वेळी त्याने रेडिओ कंपन्यांचा नाद सोडला आणि थेट छापखाना गाठला. लंडनच्या कँबरवेल भागात हेंडरसन अँड स्पाल्डिंग नावाची लिथोग्राफीची कंपनी होती. सर्किट छापायचंच आहे, तर छापणाऱ्यांनाच विचारूया! त्यांना कल्पना पटली. त्यांच्या टेक्नोग्राफ नावाच्या उपकंपनीतून या कामात पैसे घालायचं ठरलं.

करार समोर आला. आयस्लरने सही केली.

त्याने तो करार वाचलाच नव्हता. इतकी वर्षं नकार पचवलेल्या माणसाला पहिला होकार मिळाला होता. कोण कशाला बारीक टाइप वाचत बसेल? पण त्या बारीक टाइपात लिहिलं होतं, की नोकरीत असताना लागणाऱ्या शोधांचे पेटंट हक्क तो कंपनीला देईल, नाममात्र मोबदल्यात. तो मोबदला होता एक पौंड. बदल्यात टेक्नोग्राफमध्ये साडेसोळा टक्के हिस्सा. तसा हा सर्रास वापरला जाणारा नोकरीचा करार होता. कुणी फसवलं असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

कोर्टाची पायरी

१९४३ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. एका अर्जाचे पुढे तीन तुकडे झाले आणि वकिली खटाटोपात ती पेटंटं मंजूर व्हायला १९५० उजाडलं. अमेरिकेतलं पेटंट १९४८ मध्ये मिळालं.

मधल्या काळात अमेरिकेने युद्धासाठी एक भन्नाट गोष्ट केली होती. तोफगोळ्याच्या टोकात बसणारा चिमुकला रेडिओ, जो लक्ष्य जवळ आलं की स्वतःच गोळा फोडतो. याला प्रॉक्सिमिटी फ्यूज म्हणतात. तोफेतून सुटताना त्याला जो झटका बसायचा, तो गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट. असा मार खाऊन सर्किट शाबूत राहायचं, म्हणजे लोंबणाऱ्या वायरी नकोतच. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात उखळी तोफेच्या लहान गोळ्यांसाठी सेंट्रलॅब कंपनीने सिरॅमिकच्या पट्टीवर चांदीची शाई छापून सर्किट बनवली. बऱ्याच ठिकाणी याचं श्रेय सरळ आयस्लरला दिलेलं तुम्हाला वाचायला मिळेल. पण शाईने वाहक छापणं आणि तांब्याचा पत्रा कोरून वाहक उरवणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. एवढं मात्र खरं, की छापील सर्किट चालतं, आणि लोंबत्या वायरींपेक्षा दणकट निघतं, हे या युद्धाने सगळ्यांना पटवून दिलं.

युद्धानंतर गाडीने वेग घेतला. १९४९ च्या सुमारास अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या दोघांनी, मो अॅब्रॅमसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनी, पुढची पायरी बांधली. पाटीला भोकं पाडायची, पार्टचे पाय त्यातून खाली काढायचे आणि अख्खी पाटी वितळलेल्या सोल्डरमध्ये टेकवायची. सगळे जोड एका झटक्यात! कोरलेला तांब्याचा पत्रा आणि ही युक्ती एकत्र आली आणि वायरींच्या जंगलाचे दिवस भरले. पन्नाशीचं दशक संपता संपता रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, सगळीकडे पाट्या आल्या.

आयस्लरचं काय? पैशाचा ओघ त्याच्याकडे वळलाच नाही. जो तो छापील सर्किट बनवत होता, रॉयल्टी द्यायला मात्र फार थोडे तयार होते. १९५७ मध्ये तो टेक्नोग्राफमधून बाहेर पडला. कंपनी अमेरिकेत बेंडिक्स या बड्या कंपनीशी कोर्टात भांडली. १९६३ साली निकाल लागला. आधीच्या लोकांनी केलेलं काम बघता हा शोध नवा नाही, म्हणून पेटंटं रद्द. जुने कागद असे वर आले. हे सगळं आधीच माहीत होतं, असं मागे वळून म्हणायला सोपं असतं. माहीत होतं, तर मग रेडिओत वायरींचं जंगल कशाला होतं, हा प्रश्न मात्र उरतोच.

रेघ संपते तिथे

आता परत त्या सोनेरी दातांकडे येऊ, कारण आयस्लरच्या कल्पनेतून एक नवाच प्रश्न जन्माला आला आणि तो आजही इंजिनीअर सोडवतायत. पाटीच्या आतली जोडणी पक्की झाली, ठीक. पण पाटी बाहेरच्या जगाशी कशी जोडायची? जोड असा हवा, की हवा तेव्हा सुटेल आणि नको तेव्हा मुळीच सुटणार नाही.

एक उत्तर पाटीतच होतं. रेघा कडेपर्यंत न्यायच्या आणि ती कडच प्लग म्हणून खाचेत घालायची. आयबीएमने १९५९ च्या सुमारास कॉम्प्युटरसाठी जी कार्डं आणली, त्यांच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले सोळा संपर्क होते. कार्ड बिघडलं? ओढून काढा, दुसरं घाला. तुमची रॅम याच घराण्यातली.

सोनं का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा आपल्याला वाटतं, अख्खा पृष्ठभाग टेकला. प्रत्यक्षात दोन्ही बाजू सूक्ष्म पातळीवर डोंगराळ असतात आणि फक्त काही शिखरं एकमेकांना भिडतात. वीज तेवढ्यातूनच जाते. त्या शिखरांवर गंजाची अगदी पातळ साय धरली तरी वाट अडते. तांबं काळवंडतं, सोनं काळवंडत नाही, म्हणून सोनं. पण सोनं थेट तांब्यावर दिलं तर हळूहळू तांबं त्यातून वर झिरपतं, म्हणून मधे निकेलचा थर. समोरच्या खाचेतली पिन स्प्रिंगसारखी वाकवलेली असते. कार्ड आत जाताना ती दातावर घासत जाते आणि धूळ, चिकटा बाजूला सारते. म्हणून बहुतेक वेळा पट्टी नुसती काढून परत घातली तरी काम होतं. आणि हो, खोडरबर जपून! सोन्याचा तो थर मायक्रॉनभरही जाड नसतो. रोज घासाल तर रोग बरा आणि रोगी खलास.

अशा लहानशा जागेत किती विचार भरलेला असतो बघा. रॅमच्या कडेची खाच मधोमध नसते आणि डीडीआर ३ ला एका जागी, डीडीआर ४ ला दुसऱ्या जागी असते, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगमध्ये वाकून बघा. कडेच्या दोन पिना मधल्या दोघींपेक्षा लांब आहेत. वीज आधी जोडली जावी आणि डेटा नंतर, म्हणून. टाइप-सी मध्ये चोवीस संपर्क अशा हिशेबाने मांडलेत, की उलटा घाला, सुलटा घाला, चालतं. मोबाइल उघडलेला पाहिला असेल, तर स्क्रीनपासून बोर्डापर्यंत गेलेली सपाट, लवचीक पट्टी आठवा. ती केबलच आहे, पण तीही कोरलेल्या तांब्याची. पाटी केबल झाली आणि केबल पाटी. आयस्लरची रेघ अजून चालतेच आहे.

पुढे काय झालं?

तो कडवट होऊन बसून राहिला नाही. तांब्याच्या पातळ पत्र्यावर त्याचा जीव होता. अशा पत्र्यातून वीज सोडली की तो तापतो, मग त्याने भिंत उबदार ठेवणारा वॉलपेपर केला, जमीन तापवणारे थर केले, पिझ्झा गरम ठेवायची सोय केली, गाडीच्या मागच्या काचेवरचं धुकं घालवायची युक्ती केली. कल्पना चालल्या, धंदा फारसा चालला नाही. वॉलपेपरला बरे दिवस येतील असं वाटत होतं, तर उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि घरं तापवणं स्वस्त झालं!

१९८९ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्याच्या नावातच आपलं आयुष्य छापील सर्किटसोबत गेल्याचं त्याने सांगून टाकलंय. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये तो गेला. तोवर जगातल्या जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या पोटात त्याची कल्पना जाऊन बसली होती.

तुमच्यापैकी अनेकजण येत्या वर्ष-दोन वर्षांत कॅम्पसमधून बाहेर पडाल. पहिल्या कंपनीचा करार ईमेलवर येईल, पन्नास पानांचा. घरी पेढे वाटून झालेले असतील. कुणी स्टार्टअप काढत असाल, तर पहिला गुंतवणूकदार कागद पुढे सरकवेल आणि शाळेपासूनचा मित्र म्हणेल, आपल्यात कशाला लिहून घ्यायचं. त्या क्षणी तुम्ही जे तयार केलंय ते कुणाचं, बाँड किती वर्षांचा, बाहेर पडलात तर काय, हे सगळं त्याच बारीक टाइपात असेल. एक रात्र घ्या. वाचा. न कळलेलं कुणा जाणत्याला विचारा.

आयस्लरने शेकडो गाठी एका रेघेत आणल्या, पण एक जोड तपासायचा राहून गेला. त्याचा स्वतःचा. तेवढा तुम्ही तपासून घ्या. आणि पुढच्या वेळी फेरिक क्लोराइडने बोटं पिवळी झाली, की लगेच साबण शोधू नका. आधी पाटीवरची ती रेघ जरा निवांत बघा.